अब्रामोविट्झ–स्टेगन : कोष्टकांच्या युगातला अखेरचा महाग्रंथ

जून १९६४ मध्ये अमेरिकेतील नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेने ‘हँडबुक ऑफ मॅथेमॅटिकल फंक्शन्स’ हा हजारावर पानांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. संस्थेच्या उपयोजित गणित मालेतले हे ५५वे पुस्तक. मिल्टन अब्रामोविट्झ आणि आयरीन स्टेगन हे त्याचे संपादक. पदार्थवैज्ञानिक, अभियंते आणि संख्याशास्त्रज्ञ यांच्या बोलण्यात ग्रंथाचे लांबलचक नाव कधी रुळलेच नाही. ‘अब्रामोविट्झ–स्टेगन’ एवढे म्हटले की पुरे होई. त्याच्या २९ प्रकरणांत व्याख्या, सूत्रे, आलेख आणि संख्यांची कोष्टके आहेत. कागदावरच्या कोष्टकांची जागा संगणक घेऊ लागला होता, नेमक्या त्याच काळात हा ग्रंथ निघाला. तरीही सहा दशके उलटल्यावर तो वापरात आहे.

या ग्रंथाचा विषय म्हणजे ‘विशेष फलने’. बेरीज, गुणाकार, मुळे यांतून मिळणारी फलने साधी. साइन, कोसाइन आणि लॉगरिदम ही त्यांच्या पुढची पायरी, आणि बारावीच्या परीक्षेत लॉग टेबल चाळलेल्या प्रत्येकाला ती ठाऊक असतात. निसर्गातले पुष्कळसे प्रश्न मात्र एवढ्यावर सुटत नाहीत. ताणून बसवलेल्या गोल चामड्याचे कंपन, तारेतून जाणारी उष्णता, अणुकेंद्राजवळून जाणारा विद्युत्‌भारित कण, अशा प्रश्नांची समीकरणे सोडवताना काही ठरावीक फलने पुनःपुन्हा समोर येतात. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातल्या गणितज्ञांनी त्यांचा अभ्यास केला, म्हणून त्यांना बेसेल, लजांद्र, मॅथ्यू अशी नावे पडली. पण सूत्र हाती आले म्हणजे उत्तर आले असे होत नाही. अभियंत्याला शेवटी आकडा हवा असतो, आणि अशा फलनाची एक किंमत हाताने काढायला कधी कधी अख्खा दिवस जातो. म्हणून कुणीतरी एकदाच किंमती काढून, तपासून, छापून ठेवायच्या आणि बाकीच्यांनी त्या पाहायच्या, ही पद्धत पडली.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या कामासाठी सर्वांच्या टेबलावर असे ते ‘यांके–एम्डे’ हे जर्मन पुस्तक. ते १९०९ मध्ये निघाले. सूत्रे, वक्र आणि कोष्टके एकत्र देण्याची त्याची रीत सोयीची होती. फलनांचे आकार हाताने काढलेल्या उठावदार चित्रांत दाखवलेले असत आणि ती चित्रे आजही पाहण्यासारखी आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याची स्वस्त आवृत्ती अमेरिकेतही निघाली. पण त्याची कोष्टके थोड्याच दशांश स्थळांपर्यंत जात आणि बरीच नवी फलने त्यात नव्हती. पुढे अमेरिकन गणितज्ञ नव्या ग्रंथाविषयी बोलू लागले ते ‘यांके–एम्डेचा नवा अवतार’ याच शब्दांत.

त्या नव्या ग्रंथाची मुळे मात्र विद्यापीठात नव्हती, मंदीच्या काळातल्या बेकारीत होती. १९३५ मध्ये अमेरिकन सरकारने बेकारांना काम देण्यासाठी वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन ही यंत्रणा उभी केली. महाराष्ट्रातल्या वाचकाला रोजगार हमी योजनेवरून तिची कल्पना येईल : काम असे निवडायचे की त्यात यंत्रे कमी आणि माणसे जास्त लागावीत. रस्ते, पूल आणि शाळा यांच्या जोडीला या यंत्रणेने १९३८ मध्ये न्यूयॉर्क शहरात गणिती कोष्टकांचा प्रकल्प सुरू केला. नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सचे संचालक लायमन ब्रिग्ज यांच्या संस्थेने त्याला पाठबळ दिले. रूमानियात जन्मलेले पदार्थवैज्ञानिक आर्नल्ड लोवन प्रकल्पाचे प्रमुख झाले आणि गणिताची सूत्रे गर्ट्रूड ब्लांच यांच्याकडे आली.

ब्लांच यांचे आयुष्य या प्रकल्पाला शोभणारे होते. १८९७ मध्ये आजच्या पोलंडमधल्या कोल्नो गावी त्यांचा जन्म झाला आणि लहानपणीच त्या अमेरिकेत आल्या. घर चालवण्यासाठी त्यांनी चौदा वर्षे कारकुनी केली. तिशी उलटल्यावर कॉलेज पूर्ण करून १९३५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून त्यांनी गणितात डॉक्टरेट मिळवली. मंदीच्या काळात त्या पदवीच्या तोडीची नोकरी मिळाली नाही. संध्याकाळच्या एका वर्गात त्यांची लोवन यांच्याशी गाठ पडली आणि तिथून त्या या प्रकल्पात आल्या.

मॅनहॅटनमधल्या एका औद्योगिक इमारतीत काम चाले. भराच्या दिवसांत तिथे ४५० पर्यंत माणसे होती. बहुतेकांचे शिक्षण शाळेपुरतेच झालेले होते, कित्येकांना ऋण संख्यांची धास्ती वाटे आणि गणकयंत्रे मोजक्यांनाच मिळत. ब्लांच यांनी एकेका फलनाची आकडेमोड इतक्या लहान पायऱ्यांत तोडली की एका गटाने फक्त बेरीज करायची, दुसऱ्याने वजाबाकी, तिसऱ्याने एका अंकाने गुणाकार, आणि भागाकार अनुभवी लोकांनी. धन संख्या काळ्या शाईत लिहायच्या, ऋण संख्या लाल. चिन्हांचे नियम भिंतीवर लावलेले होते : काळ्यात काळे मिळवले तर काळे, लालात लाल मिळवले तर लाल, आणि दोन रंग एकत्र आले तर कागद पुढच्या गटाकडे द्यायचा. फ्रान्समध्ये दीडशे वर्षांपूर्वी गास्पार द प्रोनी याने मोठी लॉगरिदम कोष्टके अशीच श्रम वाटून करवून घेतली होती. पण ब्लांच यांनी त्यापुढे एक पाऊल टाकले. ज्यांना इच्छा होती त्यांच्यासाठी त्यांनी अंकगणितापासून वरच्या गणितापर्यंतचे वर्ग चालवले. दानाच्या कामावर आलेल्या माणसांना हिशेबाचे खरे कसब द्यायचे, ही त्यांची धारणा होती आणि प्रकल्पाच्या यशात तिचा मोठा वाटा आहे.

बेकारांनी काढलेल्या आकड्यांवर विश्वास कोण ठेवणार, अशी शंका विद्वानांच्या वर्तुळात सुरुवातीला उघडपणे घेतली जाई. त्या शंकेला उत्तर मिळाले ते तपासणीच्या पद्धतीतून. ही पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. १, ४, ९, १६, २५, ३६ हे वर्ग घ्या. लागोपाठच्या संख्यांमधले फरक ३, ५, ७, ९, ११ आणि त्या फरकांचे फरक २, २, २, २. आता नजरचुकीने १६ च्या जागी १७ पडले असे समजा. पहिले फरक ३, ५, ८, ८, ११ होतात आणि दुसरे २, ३, ०, ३. मूळ संख्येतली एका एककाची चूक पहिल्या नजरेला दिसत नाही. दुसऱ्या फरकांत मात्र ती एक वर, दोन खाली, एक वर अशा ठरावीक ठशाने उमटते आणि कुठे घडली तेही सांगते. अवघड फलनांसाठी फरक आणखी पुढच्या पायऱ्यांपर्यंत घ्यावे लागतात, पण तत्त्व हेच. फरक काढण्याला अंगमेहनत लागते, पांडित्य लागत नाही. प्रकल्पाजवळ हात भरपूर होते, म्हणून तिथे तपासणीत कधी कसूर झाली नाही. १ ते १००० या संख्यांच्या पहिल्या दहा घातांच्या कोष्टकाने सुरुवात झाली आणि मग घातांकी फलन, साइन–कोसाइन, लॉगरिदम, संभाव्यता फलने असे खंड निघत गेले. या खंडांतल्या चुकांचे प्रमाण पाहिल्यावर जुने टीकाकारही गप्प झाले.

१९४३ मध्ये रोजगार यंत्रणा बंद झाली. प्रकल्प मात्र युद्धामुळे टिकला. नौदलाच्या लोरान या रेडिओ दिशादर्शन पद्धतीसाठी लागणारी कोष्टके याच माणसांनी केली. ब्रुकलिनचे मिल्टन अब्रामोविट्झ प्रकल्पाच्या पहिल्या वर्षापासून, वयाच्या तेविशीपासून तिथे होते. आयरीन स्टेगन १९४३ मध्ये आल्या. कोलंबिया विद्यापीठातून एम.ए. होऊन त्या शिक्षिकेचे काम करत होत्या. पुढे दोन दशके त्यांनी अब्रामोविट्झ यांच्या खांद्याला खांदा लावून, आणि शेवटची सहा वर्षे एकट्याने, या कामाचा भार वाहिला.

युद्धानंतर ब्यूरोने आपली गणित प्रयोगशाळा उभारली आणि १९४८ च्या सुमारास न्यूयॉर्कचा हा चमू वॉशिंग्टनला हलला. सगळे गेले नाहीत. लोवन येशिवा विद्यापीठात शिकवू लागले. ब्लांच लॉस एंजेलिसला गेल्या. तिथे शीतयुद्धाच्या काळात त्यांच्या देशनिष्ठेवर संशय घेतला गेला, तेव्हा त्यांनी स्वतः सुनावणीची मागणी केली आणि त्या निर्दोष ठरल्या. १९५० मध्ये ब्यूरोत सीॲक हा संगणक सुरू झाला. आता ४५० माणसांचे काम एक यंत्र करू लागले आणि कोष्टके छापायची कशाला, असा प्रश्न उभा राहिला.

या प्रश्नाचा विचार १५ सप्टेंबर १९५४ रोजी केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे भरलेल्या परिषदेत झाला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि नॅशनल सायन्स फाउंडेशन यांनी ती भरवली होती. तिथून नेमलेल्या समितीचे अध्यक्ष फिलिप मोर्स होते आणि सभासदांत अब्रामोविट्झ यांच्याबरोबर रिचर्ड हॅमिंग, डी. एच. लेमर, जॉन टुकी अशी माणसे होती. संगणकाच्या जन्माशी जवळून संबंध असलेल्या या मंडळींनीच नवा ग्रंथ हवा असा कौल दिला. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. संगणक मोजक्या संस्थांकडे आहेत, बाकीच्यांची गरज कायम आहे. शिवाय ज्यांच्याकडे संगणक आहे त्यांनाही प्रोग्रॅम बरोबर चालतो की नाही हे ताडण्यासाठी खात्रीचे आकडे लागतात आणि प्रोग्रॅम लिहिण्यासाठी खात्रीची सूत्रे. पुढच्या साठ वर्षांनी यातला दुसरा भाग पहिल्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचा ठरवला.

१९५६ च्या अखेरीस काम सुरू झाले. अब्रामोविट्झ यांनी एकेक प्रकरण एकेका जाणत्याकडे सोपवले. बेसेल फलनांचे प्रकरण फ्रँक ओल्व्हर यांच्याकडे गेले, गॅमा फलनाचे फिलिप डेव्हिस यांच्याकडे, संमिलित अतिगुणोत्तरी फलनांचे इंग्लंडमधल्या लूसी स्लेटर यांच्याकडे. मॅथ्यू फलनांवर ब्लांच यांनी लिहिले आणि गोलाभ तरंग फलनांवर लोवन यांनी, म्हणजे मंदीच्या काळातले हे दोघे ग्रंथात पुन्हा एकत्र आले. लजांद्र फलनांचे प्रकरण स्टेगन यांचे. गॅमा फलनाच्या अभ्यासातून डेव्हिस यांनी लिहिलेल्या इतिहासपर लेखाला १९६३ चे शोव्हने पारितोषिक मिळाले. संदर्भग्रंथाच्या कामातून असा ललित म्हणावा इतका सुरेख लेख निघणे विरळा.

जुलै १९५८ मधल्या एका कडक उन्हाच्या दिवशी घराच्या अंगणातले गवत कापताना अब्रामोविट्झ यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. वय त्रेचाळीस. ग्रंथ तेव्हा अर्ध्यावर होता. स्टेगन यांनी सूत्रे हाती घेतली. अनेक लेखकांची चिन्हे एका वळणाची करणे, सूत्रांना क्रमांक देणे, कोष्टके पुनःपुन्हा तपासणे, मुद्रिते वाचणे, ही सहा वर्षांची चिकाटीची कामे त्यांनी निभावली. मुखपृष्ठावर त्यांनी अब्रामोविट्झ यांचे नाव आधी ठेवले. १९६५ मध्ये अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने त्यांना सुवर्णपदक दिले. त्या १९७४ मध्ये निवृत्त झाल्या आणि २००८ मध्ये वारल्या. या ग्रंथाचे श्रेय वाटायचे झाले तर कल्पना आणि आराखडा अब्रामोविट्झ यांचा, आणि वाचकाच्या हाती पडलेले पुस्तक स्टेगन यांचे.

पुस्तक उघडल्यावर पहिली लक्षात येते ती त्याची प्रकरणरचना. आधी गणिती गुणधर्म, मग आकडेमोडीच्या पद्धती सोडवलेल्या उदाहरणांसह, मग संदर्भ आणि शेवटी कोष्टके. साइन आणि कोसाइनचे कोष्टक शून्यापासून १.६ रेडियनपर्यंत दर ०.००१ ला २३ दशांश स्थळांपर्यंत जाते. एवढी अचूकता पूल बांधायला लागत नाही, पण नव्या संगणकाची परीक्षा घ्यायला लागते. कित्येक कोष्टकांच्या पायथ्याशी चौकटी कंसात दोन संख्या एकावर एक छापलेल्या असतात. कोष्टकातल्या दोन शेजारी किंमतींच्या मधली किंमत सरळ प्रमाणाने काढली तर जास्तीत जास्त किती चूक होईल ते वरची सांगते. पूर्ण अचूकतेसाठी अंतर्वेशनात, म्हणजे अशी मधली किंमत काढताना, किती किंमती घ्याव्या लागतील ते खालची सांगते. पुस्तकावर किती भिस्त ठेवायची हे पुस्तकानेच पानोपानी सांगावे, असा प्रामाणिकपणा संदर्भग्रंथांत क्वचित दिसतो.

या ग्रंथातली सूत्रे क्रमांकांनी ओळखली जाऊ लागली. त्यातला सर्वांत गाजलेला क्रमांक बहुधा २६.२.१७. प्रसामान्य वितरणाच्या वक्राखालचे क्षेत्रफळ काढण्याचे हे सूत्र सेसिल हेस्टिंग्ज यांच्या १९५५ च्या पुस्तकावरून घेतलेले आहे. ०.२३१६४१९ ही एक संख्या आणि ०.३१९३८१५३० ने सुरू होणारे पाच सहगुणक एवढ्यात ते आटोपते, आणि त्यातली चूक ०.०००००००७५ पेक्षा कमी राहते. लहान गणकयंत्रातही ते मावते. १९७३ मध्ये ब्लॅक आणि शोल्स यांचे ऑप्शनच्या किंमतीचे सूत्र आल्यावर शेअर बाजारासाठी लिहिलेल्या असंख्य प्रोग्रॅममध्ये हे सहगुणक जसेच्या तसे उतरले. ते कुठून आले हे अनेक प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना माहीतही नसते.

अमेरिकन सरकारच्या प्रकाशनांवर त्या देशात कॉपीराइट नसतो. त्यामुळे १९६५ मध्येच डोव्हर प्रकाशनाने कागदी बांधणीची स्वस्त प्रत काढली आणि विद्यार्थ्यालाही ती परवडू लागली. सरकारी छापखान्यातून दीड लाखावर प्रती गेल्या, खासगी प्रकाशकांच्या प्रती त्याहून कितीतरी अधिक. १९७९ मध्ये मॉस्कोहून रशियन भाषांतर आले. जनतेच्या पैशाने झालेले काम जनतेला मोकळेपणी देण्याचा हा निर्णय ग्रंथाच्या प्रसाराचे सर्वांत मोठे कारण आहे, आणि ज्ञानाची कोठारे कुलूपबंद ठेवणाऱ्या सगळ्या सरकारी संस्थांनी त्याकडे पाहावे.

प्रसारामुळे जबाबदारीही वाढली. वाचकांनी कळवलेल्या चुका छपाईगणिक दुरुस्त होत गेल्या. एके ठिकाणी तर व्याख्याच बदलली. व्यस्त कोटॅन्जंट फलनाची मुख्य किंमत कोणत्या पट्ट्यात धरायची याचा संकेत सुरुवातीच्या छपाईत एक होता, नंतरच्या छपाईत दुसरा झाला. बीजगणित करणारे संगणकी प्रोग्रॅम लिहिणारे लोक संकेत ठरवताना याच ग्रंथाकडे पाहत, त्यामुळे छपाई कोणती यावरून प्रोग्रॅमची उत्तरे वेगळी येण्याची वेळ आली. या घोळावर २००० साली शोधनिबंधही लिहिला गेला.

१९८० नंतर कोष्टकांचा उपयोग झपाट्याने ओसरला. निम्म्याच्या आसपास पुस्तक कोष्टकांनी व्यापलेले असूनही त्याचे संदर्भ देणे थांबले नाही, कारण लोकांना आता आकडे नको होते, सूत्रे आणि व्याख्या हव्या होत्या. पायथन भाषेतल्या सायपाय या ग्रंथालयाच्या माहितीपानांवर आजही विशेष फलनांसाठी या ग्रंथाचा हवाला दिलेला आढळतो.

१९८८ मध्ये ब्यूरोचे नाव नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी झाले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात याच संस्थेने ग्रंथ नव्याने लिहायला घेतला. गणिताचे संपादन फ्रँक ओल्व्हर यांच्याकडे आले. चाळिशीच्या आत असताना त्यांनी बेसेल फलनांचे प्रकरण लिहिले होते, आता ते सत्तरी ओलांडून गेले होते. मे २०१० मध्ये गणिती फलनांचे डिजिटल ग्रंथालय इंटरनेटवर सर्वांसाठी खुले झाले आणि त्याचा छापील ग्रंथ केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने काढला. त्यात ३६ प्रकरणे आहेत. ओल्व्हर २०१३ मध्ये निवर्तले. नव्या ग्रंथातून कोष्टके जवळजवळ पूर्ण गेली आणि त्यांच्या जागी फिरवून पाहता येणारे रंगीत आलेख आले. जुन्यात नसलेल्या विषयांनाही जागा मिळाली. क्यू-श्रेणींवर जॉर्ज अँड्र्यूज यांनी लिहिलेल्या प्रकरणात रॉजर्स–रामानुजन नित्यसमीकरणे आहेत. प्राथमिक फलने आणि गॅमा फलन या प्रकरणांच्या लेखकांत भारतात जन्मलेले रंजन रॉय आहेत. जुन्या ग्रंथातून आलेल्या सूत्रांशेजारी त्यांचे जुने क्रमांकही नोंदवलेले आहेत, म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच्या निबंधातला हवाला आजच्या पानाशी ताडून पाहता येतो.

सगळेच मात्र नव्यात आले नाही. लाप्लास रूपांतरांच्या याद्या वगळल्या गेल्या. संभाव्यता फलनांचे २६वे प्रकरणही स्वतंत्रपणे घेतले गेले नाही. झेलेन आणि सेव्हेरो यांनी लिहिलेले ते प्रकरण, आणि त्यातले २६.२.१७ हे सूत्र, मुळातून पाहायचे असेल तर आजही १९६४ चाच ग्रंथ काढावा लागतो. कॉपीराइट नसल्यामुळे त्याची संपूर्ण प्रत इंटरनेटवरून विनामूल्य उतरवून घेता येते.